उन्हातली खोली आणि गर्दीतला माणूस

मुस्लिम मराठी लेखनात चित्रकलेविषयी फार थोडे लिहिले गेले आहे. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्यावर आपल्याकडे मजकूर पुष्कळ निघाला. पण त्यातला बहुतेक त्यांच्यावरच्या खटल्यांचा, २००६ साली त्यांनी देश सोडल्याचा आणि २०११ साली लंडनमध्ये झालेल्या त्यांच्या मृत्यूचा. चित्रांचा फार थोडा. वादावर लिहिणे सोपे असते. चित्रासमोर उभे राहून जे दिसले ते सांगणे अवघड असते. ही उणीव आमचीही आहे, हे आधीच कबूल करतो.

जुन्नरला आम्ही ज्या घरात वाढलो, तिथल्या भिंतीवर आयतुल कुर्सीची एक चौकट आणि एका किराणा दुकानाचे कॅलेंडर होते. नमाजाच्या खोलीत माणसाची तसबीर नको, हा घरातला नियम होता आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. त्यामुळे चित्र पाहण्याची सवय आम्हाला उशिरा लागली आणि तीही गावाबाहेर. भिंत पाहण्याची सवय मात्र लहानपणापासून होती. जुन्नर हे एके काळी कागदाचे गाव. इथल्या कागदी लोकांनी हाताने केलेला जुन्नरी कागद पेशव्यांच्या दफ्तरात जात असे. लगदा चाळणीवर घ्यायचा, ओला ताव चुन्याने गुळगुळीत केलेल्या भिंतीवर चिकटवायचा, वाळला की काढून दगडाने घोटायचा, अशी ती रीत. तो धंदा बसला, पण जुनी माणसे त्याच्याबद्दल बोलताना हटकून भिंतीबद्दल बोलत. भिंत कशी हवी, ऊन कुठून हवे, किती वेळ हवे. भिंतीवरचे ऊन ही नुसती शोभा नाही, त्यावर कोणाची तरी रोटी अवलंबून असते, हे आम्ही असे ऐकून शिकलो.

पुढे मुंबईत शिकत असताना फोर्टच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात एका अमेरिकन चित्रकाराच्या चित्रांचे पुस्तक हाती लागले. मुखपृष्ठ फाटलेले होते. आत पानोपानी भिंतींवर पडलेले ऊन होते. त्या चित्रकाराचे नाव एडवर्ड हॉपर. त्यांची मूळ चित्रे आम्ही आजवर पाहिलेली नाहीत. जे लिहितो आहोत ते छापील प्रतींवरून लिहितो आहोत, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

हॉपर १८८२ साली न्यूयॉर्कजवळच्या न्याक या गावात जन्मले आणि १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. त्यांचे गुरू रॉबर्ट हेन्री. हेन्री आपल्या विद्यार्थ्यांना सांगत की स्टुडिओतली सजवलेली चित्रे सोडा, रस्त्यावर या, शहर जसे आहे तसे रंगवा. त्यांच्या भोवतीच्या चित्रकारांनी गल्ल्या, दारूचे गुत्ते, धुणी वाळत घातलेल्या गच्च्या, कामगार वस्त्या रंगवल्या. अमेरिकन शहरी वास्तववादाची ही सुरुवात. हॉपर याच शाळेतून आले, पण त्यांनी एक वेगळी गोष्ट केली. बाकीच्यांनी गर्दी रंगवली, यांनी गर्दी काढून टाकली.

१९४० च्या जनगणनेत न्यूयॉर्कची लोकसंख्या सुमारे ७५ लाख होती. हॉपर त्या शहरात १९१३ पासून मरेपर्यंत वॉशिंग्टन स्क्वेअरच्या एकाच इमारतीत राहिले. पण त्यांची चित्रे पाहिली तर वाटते की शहर कालच रिकामे करून घेतले आहे. 'अर्ली संडे मॉर्निंग' (१९३०) या चित्रात विटांची दुमजली इमारत आहे, खाली बंद दुकानांची रांग आहे, फुटपाथवर न्हाव्याच्या दुकानाचा पट्ट्यापट्ट्यांचा खांब आणि लांब सावल्या आहेत. माणूस एकही नाही. वरच्या एका खिडकीत त्यांनी आधी माणूस रंगवला होता, मग तो पुसून टाकला. चित्रात उरले ते सकाळचे आडवे ऊन आणि पडद्यांमागे झोपलेले, न दिसणारे लोक.

'मॉर्निंग सन' (१९५२) मध्ये एक बाई पलंगावर गुडघे जवळ घेऊन बसली आहे. समोर उघडी खिडकी आहे. खिडकीतून आलेले ऊन तिच्या अंगावर आणि मागच्या भिंतीवर चौकोन करून पडले आहे. खोलीत दुसरे काही नाही. बाई बाहेर पाहते आहे, पण बाहेर काय आहे ते आपल्याला जवळजवळ दाखवलेले नाही; एका विटांच्या इमारतीचा वरचा भाग तेवढा दिसतो. 'ऑटोमॅट' (१९२७) मध्ये रात्र आहे. नाणे टाकून खाणे घ्यायच्या हॉटेलात एक तरुणी एका टेबलाशी कप घेऊन बसली आहे, एका हातातला मोजा काढलेला, दुसऱ्यातला तसाच. मागच्या काळ्या काचेत दिव्यांची रांग दिसते, रस्ता दिसत नाही. आणि सर्वांना ठाऊक असलेले 'नाइटहॉक्स', जानेवारी १९४२ मध्ये पुरे झालेले. पर्ल हार्बरवर हल्ला होऊन दोन महिनेही झाले नव्हते. रात्रीच्या हॉटेलात तीन गिऱ्हाइके आणि एक वाढपी. बाहेर रस्ता सुना. त्या हॉटेलात आत जायचे दार रस्त्याच्या बाजूने कुठेच दिसत नाही.

या चित्रांवर जे लिहिले जाते ते बहुतेक एकाच दिशेने जाते. आधुनिक माणसाचे एकाकीपण, महानगराची निष्ठुरता, यंत्रयुगातला तुटलेपणा. आम्हीही फुटपाथवरच्या त्या पुस्तकावर पहिल्यांदा अशाच खुणा केल्या होत्या. आता इतक्या वर्षांनी वाटते की ते वाचन निदान आमच्यासारख्या माणसाने तरी जसेच्या तसे उचलायला नको होते.

त्याचे कारण ज्या खोलीत बसून आम्ही ते पुस्तक पाहत होतो, त्या खोलीत आहे. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके मुंबईला माणसे पुरवत आले आहेत. डबेवाले मावळ-मुळशी-खेडबरोबर या तालुक्यांतून आले. गोदीत, बाजारात, गिरण्यांत इथली माणसे गेली. आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरला की कल्याण आणि कल्याणहून पुढे मुंबई, हा रस्ता इथल्या प्रत्येक घराला पाठ असतो. आमचे मामू त्या रस्त्याने गेले आणि त्यांच्या मागून आम्ही गेलो. भायखळ्याकडच्या ज्या गाळ्यात आम्हाला जागा मिळाली, तिथे जुन्नर, मंचर आणि घोडेगावची मिळून चौदा माणसे राहत. रात्रपाळीचा परतला की दिवसपाळीवाल्याची वळकटी त्याला मिळे. ट्रंक भिंतीला, कपडे खिळ्याला, पाण्याची बादली दाराशी. खोलीला एक झरोका होता. हिवाळ्यात सकाळी साधारण अर्धा तास त्यातून ऊन येई आणि समोरच्या भिंतीवर पंचाएवढा तुकडा पडे. त्या तुकड्याखाली बसायला नंबर लागे.

'मॉर्निंग सन'मधली बाई आम्ही प्रथम पाहिली ती त्या खोलीत. टीकाकार म्हणतात, ती किती एकटी आहे. मामूंनी चित्र पाहिले आणि विचारले, "ही सारी खोली हिची एकटीचीच का रे?"

हा प्रश्न आम्हाला टीकेच्या पुस्तकांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. हॉपरच्या माणसांकडे खोली आहे, खिडकी आहे, दार लावून घ्यायची सोय आहे, आणि कामाशिवाय बसायला उन्हाचा एक तास आहे. त्यांचे दुःख खोटे नाही, पण ते दुःख करायला जागा लागते. मराठीत आपण 'एकांत' आणि 'एकाकीपण' असे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. एक माणूस मागून घेतो, दुसरे त्याच्यावर येऊन पडते. हॉपरची थोरवी अशी, की त्यांच्या चित्रात या दोहोंमधली रेघ दिसत नाही. पलंगावरची बाई सुखी आहे की दुःखी, हे ऊन सांगत नाही. ऊन तिच्यावर आणि भिंतीवर सारखेच पडते. आपल्याला फक्त एक मोठी खिडकी आणि ती शांत खोली दिसते. घराच्या भिंतीवरचे ऊन रंगवणे एवढेच आपल्याला हवे होते, अशा अर्थाचे ते एकदा बोलले होते. आमच्या मते ते लोकांनी अधिक गंभीरपणे घ्यायला हवे होते.

मग गाळ्यातल्या चौदा माणसांचे चित्र कोणी काढले? हॉपर ते काढणार नाहीत. त्यांनी तशी माणसे चित्राबाहेर ठेवली. याचे उत्तर आम्हाला मराठी मुलुखातच सापडले.

सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ साली पुण्यात झाला. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ साली ते डॉक्टर झाले, पुढच्या वर्षी मुंबईला आले, आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले. चित्रकला ते बरेचसे आपले आपणच शिकले. दिवसभर माणसाच्या शरीरातून आरपार गेलेल्या किरणांच्या छाया पाहायच्या आणि उरलेल्या वेळात त्याच माणसाचे मांस, खांदे, पोट, थकलेले पाय रंगवायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. हा योगायोग आम्हाला अर्थपूर्ण वाटतो. हॉपरचा प्रकाश माणसावर पडून थांबतो. पटवर्धन पोटासाठी ज्या प्रकाशाकडे पाहत, तो माणसातून पार जाणारा होता. म्हणूनच की काय, चित्रात त्यांना माणूस भरीव हवा असतो. जागा अडवणारा, वजन असलेला.

२०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचे प्रदर्शन भरले होते. आम्ही पहाटेची एसटी पकडून गेलो. सर कावसजी जहांगीर हॉलच्या त्या अर्धगोल जिन्यांवरून एकेक मजला चढत जाताना पन्नास वर्षांची मुंबई आणि ठाणे समोर येत गेले. 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७) पाहिले तेव्हा साहजिकच 'ऑटोमॅट' आठवले. तिथेही टेबल, इथेही टेबल. तिथेही चहा-कॉफीपुरते विकत घेतलेले बसणे, इथेही तेच. पण इराण्याकडे टेबलाशी बसलेला माणूस हा आमच्या ओळखीचा. कॅनव्हासमध्ये त्याचे शरीर मावता मावत नाही. तो कोणाची वाट पाहत असेल, किंवा फक्त पाय दुखतात म्हणून बसला असेल. मुंबईत ज्याला खोली नाही त्याला इराण्याने एका चहावर अर्धा तास खुर्ची दिली, हे आपण सगळे जाणतो. आमच्या गाळ्यातली माणसे रविवारी तिथेच जाऊन बसत, आणि मुद्दाम वेगवेगळ्या टेबलांवर बसत. एकत्र तर आठवडाभर होतेच.

त्यांची 'ट्रेन' (१९८०), 'ओव्हरब्रिज' (१९८१), 'टाउन' (१९८४), आणि पुढे गिरणगावाचे रूप पालटताना काढलेले 'लोअर परळ' (२००१) ही चित्रे पाहत गेलो की एक गोष्ट ध्यानात येते. यांच्याकडे ऊन हॉपरसारखे चौकोन पाडून येत नाही. सगळीकडे दिवस असतो, साधा, कामाचा दिवस, ज्यात भिंत, रूळ, नाला, माणूस सारखेच उजेडात असतात. कोणा एकाला निवडून त्याच्यावर प्रकाश टाकलेला नसतो. आणि गर्दीतली माणसे बहुधा एकमेकांकडे पाहत नाहीत. प्रत्येक जण आपल्या वाटेने, आपल्या विचारात. याला कोणी एकाकीपण म्हणेल. आम्हाला ते उलटे वाटते. ज्याला खोली मिळाली नाही, त्याला चित्रकाराने गर्दीच्या आतच एकांत काढून दिला आहे. डब्यात खांद्याला खांदा लागलेला असताना माणूस खिडकीबाहेर पाहतो आणि तेवढा वेळ तो कोणाचा नोकर नसतो, कोणाचा बाप नसतो, कोणत्या जमातीचा नसतो. पटवर्धनांनी त्याचा तो वेळ हिरावला नाही. त्याच्या चेहऱ्यावर 'कामगार' अशी पाटी लावली नाही. डाव्या विचारांच्या प्रभावाखाली ज्यांची उमेद घडली, त्या चित्रकाराकडून हा संयम विशेष आहे.

याच पिढीतले दुसरे डॉक्टर-चित्रकार गीव्ह पटेल (१९४०–२०२३). त्यांच्या 'टू मेन विथ हँडकार्ट' (१९७९) या चित्रात हातगाडीशी थांबलेले दोन श्रमिक आहेत. गाडी ओढायची थांबली आहे, तेवढी उसंत. उसंत हा शब्द हॉपरच्या चित्रांना लागत नाही. तिथे श्रम दिसतच नाहीत. आपल्या शहरी वास्तववादात एकांत आधी उसंत म्हणून येतो, हा फरक लक्षात घ्यायला हवा.

येथवर आलो की आम्हाला तय्यब मेहता आठवल्यावाचून राहत नाहीत. तय्यब (१९२५–२००९) मुंबईच्या बोहरा मोहल्ल्यांत वाढले. १९४७ च्या दंगलीत महम्मद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून त्यांनी खाली रस्त्यावर एका तरुणाला जमावाने ठार मारताना पाहिले. ते दृश्य त्यांना आयुष्यभर सोडून गेले नाही, हे त्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. १९६८ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला राहिले, म्हणजे हॉपर वारल्यानंतरच्याच वर्षी, हॉपरच्याच शहरात. परत आल्यावर त्यांच्या कॅनव्हासवर एक तिरपी रेघ आली आणि तिने माणसाची आकृती चिरली. त्यांच्या चित्रात ऊन नाही, सावली नाही. सपाट रंग आहे आणि त्यात एकटा, कोसळणारा माणूस आहे.

हॉपरची खिडकी आणि तय्यब यांची खिडकी शेजारी ठेवून पाहावी. एकीत माणूस उन्हासाठी बसतो. दुसरीत माणूस बाहेर पाहतो आणि त्यानंतर खिडकीत बसणेच त्याला पहिल्यासारखे राहत नाही. १९९२-९३ च्या त्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यात मुंबईहून दोन कुटुंबे येऊन राहिली होती. त्यातल्या एका खाला दिवसा खिडकीची कवाडे लावून बसत. अम्मी म्हणायची, "खाला, थंडी आहे, उन्हाला या ना ओट्यावर." त्या म्हणत, "राहू दे बेटा, इथंच बरं." महिनाभराने त्या ओट्यावर आल्या. ओट्यावर ऊन खात बसलेली एक म्हातारी, हे बाहेरच्या कोणालाही साधे दृश्य वाटले असते. ते साधे वाटावे यासाठी किती गोष्टी जागेवर असाव्या लागतात, हे आम्हाला त्या वर्षी कळले.

आणि खोलीचे म्हणाल तर ती अजूनही सहज मिळत नाही. आमचा एक भाचा पुण्यात नोकरीला लागला. फोनवर बोलताना खोली रिकामी असे. नाव सांगितले की ती कालच गेलेली असे. असे सात-आठ वेळा झाले. शेवटी तो आपल्याच लोकांच्या वस्तीत, चार जणांच्या खोलीत राहिला. "वस्तीत काय वाईट आहे?" असे आम्ही त्याला विचारले. तो म्हणाला, "वाईट काही नाही मामू. पण एकदा एकटं राहून बघायचं होतं."

या वाक्यात आमच्या लेखाचे सगळे सार आहे. एकटे राहून पाहण्याची इच्छा ही चैन नव्हे, आणि तुटलेपणही नव्हे. तो माणसाचा हक्क आहे. हॉपरच्या चित्रातला माणूस आपल्याला उदास वाटतो कारण त्याने तो हक्क वापरला आणि त्याची किंमत मोजली. आपल्याकडे पुष्कळांना तो वापरूनच पाहता येत नाही. जागेच्या टंचाईने एकाला, नावामुळे दुसऱ्याला, आणि बाई म्हणून तिसरीला. घरात सासू, नणंदा, मुले, पाहुणे; गच्चीवर वाळवण राखायला बसते तेवढाच आमच्या बायकांचा उन्हातला एकांत, आणि तोही कामाच्या नावाखाली.

आता आपल्या लेखनाकडे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण बरेच लिहिले. मोहल्ला लिहिला, दंगल लिहिली, तलाक लिहिला, गरिबी लिहिली, संशयाने पाहणाऱ्या नजरा लिहिल्या. ते लिहिणे गरजेचे होते आणि आहे. पण आपल्या कथा-कवितांतला माणूस एकटा बसलेला क्वचित दिसतो. तो कायम कोणाचा तरी प्रतिनिधी असतो. तो चहा पितो तेव्हाही समाज चहा पितो. वाचकांसमोर आपली बाजू मांडायची आहे, या ओझ्याने आपण त्याला उन्हात नुसते बसू देत नाही. हा दोष लेखकांचा कमी, परिस्थितीचा जास्त. ज्याला पदोपदी खुलासा करावा लागतो त्याला गप्प बसलेले पात्र परवडत नाही. तरीही चित्रकारांकडून शिकण्यासारखे आहे ते हेच. पटवर्धनांनी रंगवलेल्या माणसाला कोणतीही बाजू मांडावी लागत नाही. तो आहे, एवढे पुरते.

कोणी म्हणेल, हा एकांताचा सोस पाश्चात्यांचा. आपला दीन जमातीचा, सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहण्याचा. हे खरे आहे, पण अर्धे. वहीची सुरुवात हिरा डोंगरातल्या गुहेतल्या एकांतात झाली, हे आपण मुलांना शिकवतो. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत इतिकाफला बसणारा माणूस भरल्या मशिदीत चादरीचा आडोसा करून एकटा होतो. आणि ज्या नक्शबंदी सिलसिल्याच्या बुजुर्गांची खूण औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पाणचक्कीच्या रूपाने आपल्याकडे उभी आहे, त्यांचे एक सूत्रच आहे 'खलवत दर अंजुमन', म्हणजे मैफलीत राहून एकांत. पटवर्धनांच्या लोकलच्या डब्याला याहून नेमके नाव आम्हाला सुचत नाही. त्यांनी ते डोळ्यांपुढे ठेवून चित्र काढले असे आमचे म्हणणे नाही. आपल्या परंपरेतल्या एका शब्दाने ते चित्र आपल्याला अधिक उघडते, एवढेच.

हॉपरविषयी एक हातचे राखून ठेवायला हवे. त्यांच्या न्यूयॉर्कमध्ये काळे लोक जवळजवळ नाहीत. बोटींतून आलेले परदेशी नाहीत. ज्या शहरात हार्लेम होते, त्याचा मागमूस या चित्रांत नाही. चित्रातून गर्दी काढताना कोण कोण निघून गेले, हा प्रश्न अलीकडच्या काळात तिकडेही विचारला गेला आहे. आणि त्या उन्हातल्या जवळजवळ सगळ्या बायका एकच बाई आहे: त्यांची पत्नी जोसेफिन. ती स्वतः चित्रकार होती. १९२४ साली लग्न झाल्यावर तिची चित्रकला नवऱ्याच्या सावलीत गेली. 'मॉर्निंग सन'साठी ती बसली तेव्हा ती सत्तरीला टेकली होती. चित्रात तिचे वय दिसत नाही. एका माणसाच्या एकांतासाठी दुसऱ्याला किती वेळ न हलता बसावे लागते, हेही त्या चित्रात पाहता येते.

उतारवयात, १९६३ साली, हॉपरनी 'सन इन ॲन एम्प्टी रूम' काढले. रिकामी खोली, एक खिडकी, बाहेर झाडाचा हिरवा रंग, आणि भिंतींवर उन्हाचे दोन पट्टे. बाईही नाही, पलंगही नाही. हे चित्र पाहताना आम्हाला जुन्नरजवळचा हापूसबागेतला सौदागर घुमट आठवला. निजामशाहीने पहिली राजधानी जुन्नरला केली त्या काळापासून या परिसरात अशा दगडी वास्तू उभ्या राहिल्या. घुमटाखाली उभे राहिले की बाहेरचा उजेड आत येऊन भिंतीवर थांबतो आणि दिवसभर सरकत राहतो. आत तसबीर नाही, मूर्ती नाही, कोणाचा चेहरा नाही. आपल्या लोकांनी चेहरा न काढता जे सांगितले, तिथवर हॉपर एकेक माणूस पुसत पुसत पोहोचले, असे आम्हाला वाटते. नमाजाच्या खोलीत लावता येईल असे त्यांचे चित्र कोणते, असे अम्मीने विचारले असते तर आम्ही हे दाखवले असते.

पण मामूंनी हे चित्र पाहिले असते तर पुन्हा तेच विचारले असते, खोली रिकामी का. ते २००४ साली गावी परतले. मुंबईत पस्तीस वर्षे काढली, स्वतःची खोली झाली नाही. शेवटची वर्षे ते सकाळी फजरनंतर घराच्या पूर्वेच्या भिंतीला टेकून खुर्ची टाकत आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथे बसत. कोणी गप्पा मारायला आले तर बोलत, नाही आले तर तसेच बसत. आम्ही एकदा विचारले, "मामू, कंटाळा नाही येत?" ते म्हणाले, "नंबर नाही ना लावायचा आता."